४ फुटी खाऱ्या पाण्याचा टँक : दोन एलईडी किती उंच आणि नेमके कुठे टांगायचे?

खारटपणा_सोलापूर
टँक ४८ × १८ × २० इंच, वर कडेने काचेच्या पट्ट्या आणि मधोमध एक आडवी पट्टी. १६५ वॅटचे दोन चायना एलईडी आहेत, प्रत्येक १६ × ८ इंच, निळा-पांढरा डिमर वेगळा. सध्या दोन्ही पट्ट्यांवरच आडवे ठेवलेत (लांब बाजू पुढून मागे), मधे ४ इंचांची फट. पाण्यापासून उंची ४ इंच. निळा ७० टक्के, पांढरा ५०, रोज ११ तास.

मधल्या दगडावर हॅमर कोरल (प्रवाळ) आहे, त्याची वरची टोकं पांढरी पडली. डाव्या कोपऱ्यात वर ठेवलेली मॉन्टिपोरा (हेही कोरलच) मात्र तपकिरी होत चालली. वाळूवरचे झोआ (बटणासारखे छोटे कोरल) मान लांब करून बसलेत. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.२ डीकेएच, नायट्रेट १०, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५. दुपारी पाणी २९ अंशांवर जातं. घर जुळे सोलापुरात, वरचा मजला, स्लॅबखाली पीओपी. लाइट वर घ्यायचे तर किती? आणि पीओपीतून टांगायचे कसे?

रीफ_आणि_रेती
पाण्यात काही दोष दिसत नाही, मांडणी चुकली आहे. दोन्ही लाइट मधे गोळा झालेत, त्यामुळे हॅमरवर दोन झोत एकावर एक पडतात आणि कोपरे अंधारात राहतात.

आधी लाइट ९० अंशांत फिरवा, लांब बाजू टँकच्या लांबीला. प्रत्येकाचा मध्य बाजूच्या काचेपासून १२ इंचांवर आणा. म्हणजे बाजूला ४-४ इंच आणि दोघांच्या मधे ८ इंच मोकळे राहतील. काचेची मधली पट्टी बरोबर त्या फटीखाली येते, तिची सावलीही कमी होते. पुढून-मागून बघता अगदी मध्यावर न ठेवता दीड इंच पुढे घ्या. मागे राहिले तर दगडाची समोरची बाजू, जी आपण बघतो, तीच काळोखात जाते.

उंची लेन्सवर ठरते आणि डब्यावर लिहिलेला कोन फार विश्वासाचा नसतो. रात्री खोली अंधारी करून लाइट जमिनीपासून १० इंच उंच धरा, खाली पांढरा कागद. पुठ्ठ्याला एका एलईडीपुरतं भोक पाडून बाकीचे झाका. उजेडाचं वर्तुळ साधारण २० इंच आलं तर लेन्स ९० अंशांची, ११-१२ इंच आलं तर ६० ची. कडा पुसट असते, ठळक भागच मोजा. ९० असेल तर पाण्यापासून ९-१० इंच, ६० असेल तर १२-१४. माप पाण्याच्या पातळीपासून घ्यायचं, काचेच्या काठापासून नाही. पाणी काठाच्या दीड इंच खाली असेल तर काठापासून साडेआठ इंच म्हणजेच पाण्यापासून १०.

उजेड पाण्यात शिरला की आत वळतो हेही धरा. ४५ अंशांनी आलेला किरण पाण्यात ३२ अंशांवर येतो. जो काही पसारा करून घ्यायचा तो हवेतच होतो, म्हणून पाण्याला चिकटवलेल्या लाइटने कोपरे कधीच उजळत नाहीत.

स्लॅब_आणि_हुक
टांगण्याचं सांगतो. पीओपीवर एक किलोचाही भरवसा ठेवू नका. पीओपीला भोक पाडून वर स्लॅबपर्यंत जा, ६ मिमीचा आय-हुक फास्टनर घ्या, ड्रिल त्याच्या स्लीव्हच्या मापाचं, खोली २ इंच. प्रत्येक लाइटला दोन हुक. पंख्याच्या पेटीपासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणारी रेघ टाळा, स्लॅबमधला कंड्यूट (वायरिंगचा पाइप) सहसा त्याच वाटेने गेलेला असतो. दीड मिमी स्टीलची वायर आणि उंची बदलता येणारे ग्रिपर लावा, पुढे १-२ इंच वरखाली करायचं असतंच. हुक, स्क्रू एसएस ३०४ चे. जीआयला खारी हवा लागली की गंज धरतो आणि त्याचे कण टँकमध्ये पडतात.

हे माळवदाच्या घरात चालणार नाही. तिथे तुळईलाच हुक मारा, नाहीतर सेक्शनवाल्याकडून दीड इंची अ‍ॅल्युमिनियमचा उलटा एल करून स्टँडच्या मागच्या पायांना बोल्ट करा.

छताचा पंखा टँकवर येत असेल तर टांगलेला लाइट झुलतो. प्रत्येकाला एक जादा वायर मागच्या भिंतीला तिरपी ओढली की झुलणं थांबतं. विजेच्या वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता झोळातून ठिबकेल. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हुकाआधी ते बसवा.

निळा_प्रकाश
उंची आणि डिमर एकाच दिवशी वाढवू नका, पुढे काय बिघडलं ते कळणार नाही. लाइट वर गेले की निळा ४०, पांढरा १५, रोज ८ तास. दोन आठवडे हात लावायचा नाही. मग दर आठवड्याला निळा ५ टक्क्यांनी वाढवा, ६५ च्या वर जायची गरज बहुधा पडणार नाही. हॅमर तोवर वाळूवर, कडेला. त्याला ८० ते १५० पार (कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, मॉन्टिपोराला २०० च्या पुढे हवा, झोआ आणि मश्रूम कोरल ५०-१०० वर खूश. पांढरेपणा वरून, लाइटकडच्या टोकांना आला तर उजेड जास्त. बुडापासून चढत आला तर उजेडाला दोष देऊ नका, अल्कलिनिटीची चढउतार आणि पाण्याचा प्रवाह तपासा. मश्रूम कडा वर वळवून वाटीसारखा झाला तर त्यालाही उजेड जास्त होतोय.

पार मीटर नसेल तर फोनचं लक्स अ‍ॅप फक्त तुलनेला वापरा. निळ्या उजेडाला लक्स फार कमी दाखवतो, त्यामुळे आकडा पारमध्ये बदलू नका. पांढरा चॅनल एका सेटिंगवर ठेवून काठाच्या पट्टीवर मध्य आणि कोपरा मोजा, कोपऱ्यात मध्याच्या निम्मं तरी यावं. फोन झिपलॉकमध्ये घाला मालक, खाऱ्या पाण्यातून फोन परत येत नाही.

रीफ_आणि_रेती
२९ अंशांचं राहिलं. लाइट वर गेले की पाणी आणि लाइट यांच्या मधे पंख्याला जागा होते, हा मोठा फायदा. क्लिप-पंखा मागच्या काठावर, वारा पाण्यावरून तिरका पुढे जाईल असा. लाइटच्या बुडावर वारा मारू नका, तुषार वर उडून लेन्सवर मीठ बसतं. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे पंख्यानेच २-३ अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत तेवढे उतरत नाहीत. मात्र रोज ५-७ लिटर पाणी सहज उडेल. ती भर आरओ-डीआयच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) गोड पाण्यानेच, खाऱ्याने नाही, नाहीतर क्षार वाढत जातात.

लाइटची वेळ दुपारी ३ ते रात्री ११ करा. कोरलला बाहेरचं ऊन लागत नाही, आणि १२ ते ३ या तापलेल्या वेळेत निदान लाइटची उष्णता तरी भर घालणार नाही. टायमर बॅटरी असलेला डिजिटल घ्या. चकतीवाला टायमर वीज गेली की थांबतो आणि दोन-तीन खंडांनंतर लाइट मध्यरात्रीनंतरही चालू राहतो.

खारटपणा_सोलापूर
पुठ्ठ्याचं करून बघितलं, वर्तुळ १९ इंच. म्हणजे ९० धरतो. पण १० इंचांवर घेतल्यावर समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड येणार, त्याचं काय?

स्लॅब_आणि_हुक
लाइटच्या पुढच्या कडेला ४ इंच रुंद काळी फोमशीटची पट्टी डबलटेपने लटकवा, खालची कड पाण्यापासून ६ इंच वर राहील. लाइटचे पंखे, जाळी झाकू देऊ नका. आणि लेन्सवर आठवड्याला आरओ पाण्याचा ओला कपडा फिरवा, लाइट बंद करून आणि गार झाल्यावर.