ख्रिस्ती घरातले बाबा: त्यांचे दिवस, बेत आणि छंद (अनुभव धागा)

पानवेल_वसई

परवा १९ मार्चला संत योसेफाचा, येशूच्या पालक-पित्याचा, सण झाला. संध्याकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) फादरांनी सगळ्या बाबांना वेदीपुढे बोलावलं आणि मुलांना सांगितलं, आज तुम्ही बाबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा. माझी लेक तिसरीत आहे, तिचा हात पोचेना, म्हणून मी गुडघे टेकले. तिचा तळवा डोक्यावर आला आणि माझे बाबाच आठवले. आमच्या घरी रात्रीची जपमाळ (मरियामातेची प्रार्थना) संपली की आम्ही भावंडं रांगेने आशीर्वाद मागायला जायचो. बाबा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचे, घाई कधीच नसायची.

बाबा अंधेरीला एका कारखान्यात लेथवर होते. पहाटेची लोकल, दिवसभर उभं काम, परतल्यावर चहाचा कप हातात घेऊनच वाडीत. पानवेलीला पाणी, केळीची पिलं काढणं, आणि उन्हं कडक झाली की सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर वाळत घालायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची, शेवटी केळीच्याच सुक्या सोपटात घट्ट बांधायची. विकण्यापुरती नव्हतीच ती. पाव्हण्यांना द्यायची, बस.

त्यांचा खरा ध्यास म्हणजे आमचं बावखल, वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. गावातली कितीतरी बावखलं बुजली, वर इमारती आल्या. आमचं त्यांनी बुजू दिलं नाही. वसईची हिरवाई वाचवायच्या 'हरित वसई' चळवळीच्या मोर्च्यांना दिब्रिटो फादरांच्या मागे चालत जायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेची लोकल.

आता मी बाबा आहे. माझे बेत: जपमाळेच्या वेळी घरात एकही फोन चालू नको, पावसाआधी बावखलातला गाळ काढायचा, आणि सुकेळी लेकीला शिकवायची.

तुमच्या घरातल्या बाबांबद्दल लिहा. स्वतः बाबा असाल तर स्वतःबद्दल. मोठं लिहायलाच हवं असं नाही.

नगरी_पेटी

सुंदर लिहिलंय. आम्ही प्रॉटेस्टंट, नगर जिल्ह्यातले. पप्पा प्राथमिक शिक्षक. रविवारी पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) दुसऱ्या गावी असले की उपासना पप्पाच चालवायचे. सायकलच्या कॅरियरला बाजाची पेटी बांधलेली, पुढच्या दांडीवर मी.

दरवर्षी जानेवारीपासून पवित्र शास्त्र पहिल्यापासून वाचायला घ्यायचे आणि डिसेंबरात संपवायचे. त्यांचा हिशोब ठरलेला. एकूण अध्याय १,१८९. सोमवार ते शनिवार रोज तीन, रविवारी पाच, वर्षात बसतात. वंशावळ्यांचे अध्यायसुद्धा गाळायचे नाहीत. मी विचारलं होतं ही नावं कशाला वाचता. म्हणाले, प्रत्येकजण कुणाचा तरी बाप होता की.

मी आता तसंच वाचतो. पेटी पण माझ्याकडेच आहे, भात्यातून हवा जाते.

सांडोरची_सून

"प्रत्येकजण कुणाचा तरी बाप होता" 🙏 स्वयंपाक थांबवून वाचलं.

उमराळेकर

योसेफाचा सण म्हटला की आमच्या पप्पांचा आनंद आठवतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस नाही, हे घरात कडक. २०२१ ला हा सण नेमका शुक्रवारी आला. फादरांनी सांगितलं, मोठा सण आहे, आज बंधन नाही. पप्पा थेट आगाशीला जाऊन कोंबडीचं भुजिंग घेऊन आले 😄 आई म्हणाली, योसेफाने काही खाल्लं असेल का सुतारकाम सोडून? पप्पा म्हणाले, त्याच्याच नावाने खातोय.

पानवेल_वसई

@उमराळेकर भुजिंगचं नाव काढू नका, अजून उपवासकाळ चालू आहे!

कुवेतहून_घरी

मी बायको म्हणून लिहिते. नवरा कुवेतला आहे, मुलं दोन, सासूबाई. आमची जपमाळ रात्री साडेआठला, तिकडे तेव्हा सहा वाजलेले असतात. तो कामावरून सुटून बसमध्ये असतो. फोन टेबलावर टेकवून ठेवते. पाचवं रहस्य (जपमाळेचा शेवटचा भाग) धाकट्याचं, ते बाबांसाठी राखलेलं. बसचा आवाज येतो, मधेच नेट जातं, तरी धाकटा थांबून राहतो, बाबा परत आले की पुन्हा तिथूनच सुरू करतो. तिकडे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे चर्चमध्ये खरी गर्दी शुक्रवारच्या मिस्सेला असते म्हणतो.

त्याचं स्वप्न विचाराल तर घराच्या मागे कोंबड्यांचं खुराडं आणि स्वतःच्या हाताने बांधलेली पडवी. वहीत नकाशे काढून ठेवलेत. दर सुट्टीत थोडं थोडं बांधतो. पडवीचे खांब झालेत, छप्पर व्हायचंय.

सांडोरची_सून

@कुवेतहून_घरी ताई, माझे वडील पण मस्कतला होते. मुलांना सगळं आठवतं बघा मोठेपणी. फोन टेबलावर टेकवलेला पण आठवेल.

मिरजकर_तार

आमचं घर मिशन हॉस्पिटलच्या आवारात. १८९४ ला मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी सुरू केलेलं ते. डॅडी ड्रेसिंग विभागात. दिवसभर जखमा धुवायच्या, रात्री सतार. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांची गल्लीच आहे, डॅडी तिथे नुसते बसायला जायचे. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे दुकानात टांगलेले असतात, त्यातला कुठला चांगला वाजेल ते कारागीर टिचकी मारून सांगतो. डॅडींना ते ऐकायचं वेड. शेवटी एकानं जुनी सतार दुरुस्त करून त्यांना हप्त्यानं दिली.

नाताळच्या उपासनेत ते सतारीवर टिळकांचं भजन वाजवायचे. घरी आधी महिनाभर तेच. आम्हाला पाठ. आई भाजी चिरताना ठेका धरायची. डॅडींचे हात औषधांनी कायम खरबरीत असायचे, पण तारेवर पडले की इतके मऊ व्हायचे, मी बघत बसायचो.

पेठेतला

@मिरजकर_तार टिळकांचं भजन? लोकमान्य भजनं पण लिहायचे?

नगरी_पेटी

@पेठेतला नाही हो, आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक! १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाचेक वर्षांनी. नगरला त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहायला होते. वडील म्हणावं तर असे, आपली मुलं, दुसऱ्यांची मुलं, सगळी एका घरात. खर्चाचा मेळ लक्ष्मीबाईंनी कसा घातला असेल ते त्याच जाणोत.

पेठेतला

अच्छा, ते टिळक. पण लोकमान्यांचा पण मिशनशी संबंध आहेच की, पंचहौदचा चहा! १८९०. टिळक, रानडे वगैरे मंडळी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये गेली, चहाबिस्किटं पुढे आली, आणि ख्रिस्त्यांकडचं म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. मी त्याच भागातला, ख्रिस्ती नाही, पण लहानपणी त्या चर्चच्या घंटांवर शाळेची वेळ लावायचो. विषयांतराबद्दल क्षमस्व, धागा छान आहे.

सांडोरची_सून

विषयांतर चालू द्या, चहा मी पण टाकलाय 😊

गोठेवाले_शेजारी

आम्ही पण ख्रिस्ती नाही, पण शेजारचे अंकल म्हणजे आमचे दुसरे बाबाच. बँकेत कारकून. डिसेंबर लागला की बँकेतून येताना पुठ्ठे, भुसा, दगड काहीही घेऊन यायचे. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरायचे, नाताळला तिची हिरवळ गोठ्यात. माझी आई म्हणायची, हे तर आमच्या घटासारखंच. अंकल म्हणायचे, वहिनी, मग तुम्हीच पेरा, तुमचं बियाणं चांगलं उगवतं. तेव्हापासून त्यांच्या गोठ्यातली नाचणी आमच्या घरून जाते. अंकल आता थकलेत, पाण्याचा झरा (सलाईनच्या नळीचा, खरोखर वाहणारा) आता त्यांचा मुलगा करतो.

उमराळेकर

सलाईनच्या नळीचा झरा 👌 मोटार लावायची का नुसता उतार? आमच्या मंडळाचा दरवर्षी गळतो

गोठेवाले_शेजारी

मोटार नाही. वर डबा, खाली डबा. नळीचं चक्र असतं ना थेंब कमीजास्त करायचं, त्याने धार धरायची. दोन तासांनी खालचं पाणी वर ओतायचं, ते काम लहान मुलांना द्यायचं. भांडणं होतात त्यावरून.

श्रीरामपूर_रस्ता

आमचे अण्णा ऊसतोडीच्या मुकादमाकडे हिशोबनीस होते. वर्षभर कशाची हौस नाही. फक्त सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला, पायी जायचं. आम्ही पोरं सोबत. रस्त्याने भजनं, टाळ, ढोलकी, कुणीतरी मधेच शेंगा वाटायचं. अण्णा रांगेत उभे राहून काय मागायचे ते मी एकदा विचारलं. म्हणाले, मागायला नाही येत रे, वर्षाचं सांगायला येतो. कुणाचं लग्न झालं, कुणाला नोकरी लागली, विहिरीला पाणी किती आहे, सगळं मतमाउलीला सांगायचे. हलक्या आवाजात, ओठ हलताना दिसायचे.

माझी बदली आता लांब झाली आहे, पण यात्रेला रजा टाकतोच. मुलाला घेऊन चालतो.

नवा_बाप

सगळं वाचून काढलं, बाळाला खांद्यावर घेऊन. महिन्याभराची मुलगी आहे. ईस्टरनंतर बाप्तिस्मा. आमच्याकडे आजीचं नाव द्यायची पद्धत, बायकोला मराठी छोटं नाव हवंय. दोन्ही ठेवली तर चालतं ना?

पानवेल_वसई

@नवा_बाप अभिनंदन! चालतं, आमच्याकडे निम्म्या गावाचं असंच आहे. कागदावर एक, हाक मारायला एक. फादरांशी आधी बोलून घ्या, आणि धर्ममातापिता (बाप्तिस्म्याला उभे राहणारे मानलेले आईबाप) लवकर ठरवा, ऐनवेळी रुसवेफुगवे होतात.

सांडोरची_सून

@नवा_बाप आजीचं नाव ठेवाच. आजी हयात असतील तर त्यांचा चेहरा बघा त्या दिवशी.

डावा_विंगर

माझे पप्पा फुटबॉलवाले. रविवारी मिस्सा संपली की सूट कपाटात, पायात बूट, मैदानावर. गावातल्या पोरांना शिकवायचे, एक पैसा घेतला नाही. त्यांचा नियम, आधी मिस्सा मग सराव, आणि मुलींना पण खेळवायचं. तेव्हा लोक बोलायचे, पप्पा ऐकायचे नाहीत. माझी ताई जिल्ह्याला खेळली.

दोन वर्षांपूर्वी गेले. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर मेणबत्त्या लावायला गेलो तर त्यांची जुनी पोरं आधीच येऊन गेलेली. फुलं, आणि टीमची जर्सी घडी करून ठेवलेली. मी पुढे नाही लिहू शकत.

नगरी_पेटी

देव तुम्हाला समाधान देवो. अशा माणसाच्या घरी जन्मलात.

कुवेतहून_घरी

🙏🙏 ताई अजून खेळतात का?

डावा_विंगर

@कुवेतहून_घरी शिकवते आता. शाळेत पीटी शिक्षिका. पप्पांची शिट्टी तिच्याकडे आहे. तिने मागितलीच होती ती.

उमराळेकर

या रविवारी आमच्या पोरांना घेऊन येऊ का मैदानावर? दोघं आहेत, सात आणि दहा. फोनमध्येच असतात दिवसभर

डावा_विंगर

या ना. मिस्सेनंतर. नियम तोच आहे 🙂

मिरजकर_तार

@नगरी_पेटी पेटीतून हवा जाते म्हणालात. भात्याच्या घड्यांचं कातडं विरलं असेल, नाहीतर आतल्या पडद्यांना चीर गेली असेल. स्वतः चिकटपट्टी लावू नका, कातडं आखडतं. मिरजेत माझ्या ओळखीचे पेटीवाले आहेत, सूरही तपासून देतात. पार्सल करू नका, हलते. कुणी येणार असेल इकडे तर हाती पाठवा.

नगरी_पेटी

@मिरजकर_तार मीच येतो मे महिन्यात, शाळेला सुट्टी असते. मुलाला पण आणतो, त्याला भोपळ्यांची दुकानं दाखवायची आहेत. पत्ता खाजगी निरोपाने कळवा.

सांडोरची_सून

@पानवेल_वसई दादा, सुकेळी पाहुण्यांनाच मिळतात का? आम्ही जवळचेच आहोत 😊

पानवेल_वसई

@सांडोरची_सून ईस्टर झाला की या. राजेळीचा घड अजून हिरवा आहे, आठवडाभर तरी लागेल पिकायला. गाळ काढायला पण माणसं हवीच आहेत, फावडं आणलंत तर एक पुडा जास्त.