मदत हवी आहे: आई-वडिलांना फेस्टला बोलवू की ख्रिसमस मार्केटला? (आज रात्रीच ठरवायचंय)

भीमाकाठचा (सायं. ६:४०)
नमस्कार मंडळी. आई आणि अण्णा पहिल्यांदाच इकडे येतायत. तिकिटांचा आत्ताचा भाव आज रात्री बारापर्यंतच आहे, म्हणून घाईत विचारतोय. सप्टेंबरअखेर फेस्टच्या वेळी बोलवू की नोव्हेंबरअखेर मार्केट लागल्यावर? एका खेपेत दोन्ही जमणार नाही. ऑफिसातल्या मित्रांनी शनिवारी संध्याकाळी तंबूत टेबल घेतलंय, त्यात आमच्या चार जागा धरल्यात. बायको म्हणते डिसेंबर, मी म्हणतो फेस्ट. ज्यांनी आपल्या आई-वडिलांना नेलंय त्यांनी सांगा. लवकर.

परदेशी_पंत (६:५२)
बिनधास्त ऑक्टोबरफेस्टला आणा! मी माझ्या सासऱ्यांना नेलं होतं, अजून गावभर सांगतात. १८१० साली युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त घोड्यांच्या शर्यती झाल्या, तिथून ही परंपरा. नाव ऑक्टोबरचं असलं तरी सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर होते, हे लक्षात ठेवून तिकीट काढा. आणि राहायची सोय आजच बघा, त्या दिवसांत म्युनिकमध्ये हॉटेलांचे भाव आभाळाला भिडतात.

नेकारकाठ (६:५८)
पंत, धागाकर्त्याने म्युनिक म्हटलंय कुठे? भीमाकाठचा, शहर कोणतं ते लिहा आधी. ‘फेस्ट’ आणि ‘मार्केट’ जर्मनीत प्रत्येक गावात असतं.

भीमाकाठचा (७:०३)
स्टुटगार्ट हो. राहिलंच लिहायचं. वाझन मैदानावरचं फोल्क्सफेस्ट म्हणतोय मी.

सुगरण_मावशी (७:०८)
आई-वडिलांचं वय काय? चालतात किती? खातात-पितात काय? हे कळल्याशिवाय काय सांगणार बाबा.

परदेशी_पंत (७:१०)
स्टुटगार्टहून म्युनिक रेल्वेने दोन-सव्वादोन तास. एवढ्या लांबून आई-वडील येणार, तर मूळ सोडून नक्कल कशाला दाखवायची?

नेकारकाठ (७:१७)
नक्कल? कानश्टाटचं (वाझन मैदान स्टुटगार्टच्या याच भागात आहे) फोल्क्सफेस्ट १८१८ पासूनचं आहे आणि ते सुरू व्हायचं कारणही वेगळं आहे. मी इथे अकरा वर्षं राहतोय. दुसऱ्या ठिकाणी गर्दी जास्त म्हणून इथलं खोटं ठरत नाही.

वासंतिक (७:२१)
माझं ऐका, दोन्ही सोडा आणि जुलैत आणा. जुलैत स्टुटगार्टला भारतीय चित्रपट महोत्सव असतो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. थंडी नाही, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. किलेसबर्ग बागेतला दिव्यांचा उत्सवही जुलैतच. मी आईला नेलं होतं, तिला तो फार आवडला.

भीमाकाठचा (७:२६)
जुलैत आषाढी असते. अण्णा माळकरी आहेत, वारी चुकवत नाहीत. म्हणून तर हे दोनच पर्याय उरलेत.

सुगरण_मावशी (७:२९)
अरे, मग माळकरी माणसाला शनिवारी संध्याकाळी बिअरच्या तंबूत बसवणार तू? हे आधी सांगायचं नाही का!

भीमाकाठचा (७:३७)
मावशी, रागावू नका. अण्णा ७२, आई ६६. अण्णांचा उजवा गुडघा दुखतो, जत्रेत तासभर फिरतील, पण मध्ये टेकायला लागतं. दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत. गाव मंगळवेढ्याजवळ, जिरायती जमीन आहे, ज्वारी करतात. मित्रांनी मनापासून बोलावलंय. अण्णांना माझी कामावरची माणसं भेटावीत असं मला फार वाटतं, म्हणून हो म्हटलं.

नेकारकाठ (७:४९)
तर मग शनिवार रात्र विसरा. मी दरवर्षी जातो म्हणून सांगतो. तंबूतल्या बाकांना पाठ नसते. सातनंतर बँड चढला की सगळे त्याच बाकांवर उभे राहून गातात. बसून राहणाऱ्याच्या तोंडासमोर नुसते पाय. टेबल आठ-दहा जणांचं असतं, मधून उठून बाहेर पडायचं तर सगळी रांग उठवावी लागते. टेबलाबरोबर बहुधा लिटरभर बिअर आणि अर्ध्या कोंबडीची कुपनं घ्यावी लागतात, तीही माणशी. अण्णांनी त्या कुपनांचं करायचं काय? परतताना बाड कानश्टाट स्टेशनवर उभं राहायला जागा नसते.
बुधवारी दुपारी न्या. बुधवार कुटुंबांचा दिवस असतो, पाळण्यांचे दर कमी असतात, गर्दी लहान पोरांची आणि आजी-आजोबांची. फेस्टच्या दिवसांत यू ११ ट्राम थेट मैदानाशी सोडते, म्हणजे स्टेशनपासूनचं चालणं वाचेल. मोठी पिशवी नेऊ नका, आत सोडत नाहीत.

चिकित्सक (७:५५)
पर्यटक व्हिसासाठी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. वय ७० च्या पुढे असेल तर हप्ता बराच वाढतो, आधीच्या दुखण्यांच्या अटी नीट वाचा.

भीमाकाठचा (७:५७)
विमा झालाय, व्हिसाही आलाय. प्रश्न फक्त तारखांचा आहे.

चिकित्सक (८:०१)
तूप, पेढे, खवा काही आणू देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला आणता येत नाहीत. आमच्या आईच्या बॅगेतला तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला. तिने घरी कढवलेलं तूप होतं, फार रडली.

वासंतिक (८:०५)
थंडीचं कोणी बोलतच नाही. सप्टेंबरअखेर सकाळी दहा अंशांच्या आसपास असतं, दुपारी ऊन पडलं तर बरं. डिसेंबरात साडेचारला अंधार. मंगळवेढ्याहून आलेल्या माणसाला ते सोसेल का?

सुगरण_मावशी (८:१३)
थंडीला कपडे आहेत. मी मार्केटच्या बाजूने बोलते. स्टुटगार्टच्या ख्रिसमस मार्केटचा लेखी उल्लेख १६९२ चा आहे, केवढं जुनं! नोव्हेंबरअखेर बुधवारी सुरू होतं ते २३ डिसेंबरपर्यंत. दुकानांची छपरं बघत राहावीत अशी: वर पाइनच्या फांद्या, देखावे, हलणारी अस्वलं. छपरांचीच स्पर्धा असते. जुन्या राजवाड्याच्या चौकात गाणी होतात. आईला हे आवडेल. गरम वाइनच्या शेजारीच लहान मुलांसाठी बिनदारूचा गरम फळांचा रस मिळतो, ‘किंडरपुन्श’ म्हणून मागायचा. कपाचे पैसे आधी ठेवून घेतात, कप परत केला की मिळतात. दमले की शेजारच्या दुकानात शिरून ऊब घ्यायची.

परदेशी_पंत (८:१८)
मार्केट बघायचं तर न्यूरेंबर्गचं बघावं.

नेकारकाठ (८:१९)
पंत, तुम्ही स्टुटगार्टला एकदा या हो. खरंच बोलावतोय, आमच्याकडे उतरा.

ओवी (८:४२)
पूर्ण धागा वाचून लिहितेय. मी होहेनहाइमला शेतकी विद्यापीठात आहे. भीमाकाठचा, तुमचे वडील जिरायती शेतकरी आहेत हे तुम्ही सहाव्या-सातव्या प्रतिसादानंतर सांगितलंत, माझ्या मते तीच इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.
एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या धुळीने सूर्य झाकोळला आणि १८१६ साली इकडे उन्हाळा आलाच नाही. पाऊस, गारा, थंडी. पीक शेतात कुजलं. व्युर्टेंबर्गमध्ये, म्हणजे तेव्हाच्या इथल्या राज्यात, दुष्काळ पडला, कितीतरी लोक देश सोडून गेले. राजा विल्हेल्म त्याच वर्षी गादीवर आला होता. राणी काथारिना रशियाच्या झारची मुलगी, तिने मदतीचं काम उभं केलं. पीक सावरल्यावर राजाने कानश्टाटला शेतकऱ्यांचा मेळा भरवला, २८ सप्टेंबर १८१८ ला, स्वतःच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. चांगल्या जनावरांना बक्षिसं, घोड्यांच्या शर्यती. आमची शेतकी शाळाही त्याच वर्षी निघाली. राणी पुढच्याच जानेवारीत वारली, तिची समाधी इथे टेकडीवर द्राक्षमळ्यांच्या मधोमध आहे.
मैदानाच्या मध्ये २६ मीटर उंच खांब असतो, ‘फ्रुख्टझॉयले’ म्हणजे पिकांचा खांब. त्यावर मक्याची कणसं, धान्याच्या पेंढ्या, भोपळे, फळं बांधतात. माझे बाबा आले होते तेव्हा पाळण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही त्यांनी. त्या खांबाखाली टोपी काढून, मान मागे टाकून उभे राहिले. मग मला म्हणाले, “ही लोंबी सातूची आहे का गव्हाची?” मला सांगता येईना. कुसळं लांब होती, त्यावरून त्यांनीच ओळखलं, सातू.
तुमच्या अण्णांना तो खांब दाखवा. दर चार वर्षांनी मैदानाला लागून मोठं शेती प्रदर्शनही भरतं, गाई, डुकरं, ट्रॅक्टर सगळं. २०१८ ला होतं, २०२२ ला होतं, त्यावरून हिशेब करा.

भीमाकाठचा (८:५१)
ओवीताई, मला यातलं काही माहीत नव्हतं. सहा वर्षं त्या खांबाजवळ मित्रांना ‘इथे भेटू’ म्हणतोय फक्त. ७२ च्या दुष्काळात अण्णा खडी फोडायला गेले होते, ते अजून सांगतात.

वासंतिक (८:५५)
पण सप्टेंबरअखेर ज्वारीची पेरणी नसते का? हस्ताच्या पावसावर पेरतात ना तिकडे? वावर सोडून येतील?

भीमाकाठचा (९:०२)
बरोबर, तीच भीती होती. आत्ताच फोन केला. धाकटा भाऊ म्हणतो, “मी पेरतो, तुम्ही त्यांना बोलवा.” अण्णा म्हणाले, “पेरणी धाकट्याच्या हातची झाली तरी उगवतेच की.” फक्त दिवाळीच्या आत परत पोचवा म्हणाले, पुढे कार्तिकी आहे. म्हणजे डिसेंबर नको, सप्टेंबरच.

सुगरण_मावशी (९:०८)
मी माघार घेते. मग खाण्याचं ऐक. चीजच्या श्पेट्झलेला (जाड शेवयांसारखा प्रकार) ‘शाकाहारी’ म्हणतात पण पिठात अंडं असतं. माउलटाशन (सारण भरलेल्या पिठाच्या घड्या) तर नकोच, आत बहुधा मांस. कोबीबरोबरच्या बटाट्याच्या शुपफनुडेलनमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे निघतात. भाजलेलं मक्याचं कणीस, साखरेत घोळलेले बदाम, अख्खा भाजलेला बटाटा चालेल, त्यावर चक्क्यासारखं क्वार्क घालतात. तळलेले बटाटे कुठल्या तेलातले ते विचार. तंबूत डबा उघडता येत नाही, बाहेर खाऊनच जा.

भीमाकाठचा (९:१५)
मित्रांना काय सांगू? वाईट वाटेल त्यांना.

नेकारकाठ (९:२२)
जसं आहे तसं सांग. वडील दारू पीत नाहीत, गुडघा दुखतो. जर्मन माणसाला स्पष्ट सांगितलेलं आवडतं. चार जागांवर दुसरं कोणी येईल. मित्रांना रविवारी घरी जेवायला बोलाव, अण्णांची ओळख तिथे निवांत होईल. आणि लुडविग्सबुर्गला राजवाड्याच्या बागेत भोपळ्यांचं प्रदर्शन त्याच दिवसांत असतं, भोपळ्यांचे हत्ती-घोडे करतात. तिथे बसायला जागा भरपूर.

चिकित्सक (९:२५)
३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, दुकानं बंद. किराणा आदल्या दिवशी भरा.

परदेशी_पंत (९:३१)
ओवीताईंनी लिहिलेलं वाचून वाटलं, सासऱ्यांना मी चुकीच्या शहरात नेलं. तेही शेतकरीच होते. नेकारकाठ, आमंत्रण खरं समजतोय.

भीमाकाठचा (१०:४८)
तिकिटं काढली. मुंबई-फ्रांकफुर्ट थेट विमान, मी विमानतळावर घ्यायला जाणार, पुढे रेल्वेने सव्वा तास. व्हीलचेअर दोघांसाठी सांगितली आहे. मित्राला फोन केला, तो म्हणाला, “मग बुधवारी मी अर्धा दिवस रजा घेतो, मला त्यांच्याबरोबर चक्कर मारायचीय.” सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: आई विचारतेय, ज्वारीचं पीठ आणलेलं चालतं का? पाच किलो म्हणतेय.

चिकित्सक (१०:५५)
पीठ चालतं. घट्ट बांधा, वर नाव लिहा. बियाण्याची ज्वारी मात्र आणू नका, तिला वेगळं प्रमाणपत्र लागतं.

ओवी (१०:५९)
पाच किलो असेल तर बुधवारी मलाही कळवा. खांबाखालीच भेटू. मी पिठलं घेऊन येते, भाकरी आईंच्या हातची.