उजनीत बुडालेले पंप शोधायचे आहेत – होडीमागे ओढायचं कोणतं यंत्र घ्यावं?

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी. उजनीच्या बॅकवॉटरला, करमाळा तालुक्याच्या बाजूला, तराफा उलटून दोन मोनोब्लॉक पंप बुडालेत. १५ एचपी, बिडाचे, प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपास. त्याच पट्ट्यात होडीला मागे लावायचं २५ एचपीचं एक आउटबोर्ड इंजिनही गेलंय. शोधायची जागा साधारण २०० बाय १५० मीटर, म्हणजे तीन हेक्टर. धरण भरलेलं असताना खोली ८ ते ११ मीटर. तळाला फूट-दोन फूट गाळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पाणी इतकं गढूळ की पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. होडी १८ फुटी, फायबरची.

आजूबाजूच्या चार-पाच शेतकऱ्यांनी वर्गणी काढून यंत्र घ्यायचं ठरतंय. विक्रेता म्हणतो मॅग्नेटोमीटर (लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजणारं यंत्र) घ्या, एका फेरीत १५-२० मीटरचा पट्टा झाकतो. दुसरीकडे पल्स इंडक्शन नावाच्या धातुशोधकाचं नाव ऐकतोय. नक्की काय घ्यावं?

कातळवाचक:
विक्रेत्याने सांगितलेलं खोटं नाही, पण ते समुद्रातल्या वाळूच्या तळाला लागू पडतं. आपल्याकडे खाली दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण आहे, आणि त्यात मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) भरपूर.

हिशोब बघा. ढोबळ नियम असा की एक टन लोखंड १० मीटरवरून साधारण १० नॅनोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्राचं एकक) फरक दाखवतं, आणि अंतर दुप्पट झालं की फरक आठव्या हिश्शावर येतो. तुमचा दीडशे किलोचा पंप ३ मीटरवरून ५०-५५ दाखवेल, ६ मीटरवरून जेमतेम ७. काळ्या पाषाणाचा एखादा मोठा धोंडा किंवा उघडा पडलेला कातळ तेवढाच आकडा सहज दाखवतो, कधी कित्येक पट जास्त. जुन्या गावांच्या पडक्या भिंती, विहिरींचं बांधकाम, सगळं त्याच दगडाचं. दिवसभरात शंभर खुणा मिळतील आणि त्यातल्या अठ्ठ्याण्णव दगडाच्या निघतील.

आउटबोर्डचं तर विसराच. त्याचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा, तो मॅग्नेटोमीटरला दिसतच नाही. क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील आणि प्रोपेलर शाफ्टचं मिळून दहा-बारा किलो पोलाद धरलं, तर ३ मीटरवरून चार-पाच नॅनोटेस्ला.

ओहोटी_भरती:
कातळवाचक, थोडं जास्तच झालं. गाळाखालचा अखंड कातळ रुंद, संथ चढउतार दाखवतो. पंपाची खूण अरुंद असते, तिची रुंदी साधारण पंप आणि यंत्र यांच्यातल्या अंतराएवढी. आलेख मोठा करून पाहिला की फरक कळतो. फक्त फेऱ्या उत्तर-दक्षिण मारा. सोलापूरच्या अक्षांशावर चुंबकीय रेषा बऱ्याच आडव्या असतात, त्यामुळे वस्तूच्या दक्षिणेला उंचवटा आणि उत्तरेला खड्डा उमटतो. वस्तू या दोन्हींच्या मध्ये असते. बरेच जण नुसता उंचवटा धरून गळ टाकतात आणि मोकळ्या हाताने परततात.

कातळवाचक:
अखंड कातळाबद्दल मान्य. पण सुटा धोंडाही पंपासारखीच अरुंद खूण देतो, त्याचं काय करणार? वर्गणीच्या पैशातून पहिलं यंत्र म्हणून मी तरी ते घेणार नाही.

तांब्याचे_वेढे:
भीमाकाठ भाऊ, पल्स इंडक्शन कॉइलमधून (तारेच्या वेढ्यांतून) विजेचे झटके सोडतं आणि धातूकडून परत येणारा सिग्नल ऐकतं. ते बिडालाही धरतं आणि ॲल्युमिनियमलाही, त्यामुळे तुमच्या तिन्ही वस्तू त्यात बसतात. अडचण पल्ल्याची. इथे अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टाव्या हिश्शावर येतो, कारण लहर जाताना आणि येताना दोन्हीकडे मार खाते. एक मीटर व्यासाच्या कॉइलने पंपाएवढी वस्तू दीड-दोन मीटरवरून मिळाली तर खूश व्हा. म्हणजे कॉइल तळापासून एक मीटरवर तरंगत राहिली पाहिजे. आठ-दहा इंची कॉइलचं हातात धरायचं यंत्र दोरीला बांधून ओढायचा विचारही करू नका.

घेताना चार गोष्टी विचारा.

डिले, म्हणजे झटका संपल्यावर किती वेळाने ऐकायचं, तो बदलता येतो का? बेसाल्टची माती स्वतःच थोडा वेळ सिग्नल सोडत राहते. डिले ३० मायक्रोसेकंद किंवा वर नेला की मातीचा आवाज उतरतो, आणि पंपासारखी जाड वस्तू तरीही ऐकू येते. बारीक दागिने सुटतील, पण तुम्हाला ते नकोच आहेत.

इलेक्ट्रॉनिक्स कुठे आहे? कॉइलजवळच्या डब्यात हवं. होडीवर बसवलं तर ३० मीटर केबलचं कपॅसिटन्स (तारांमध्ये विद्युतभार साठणं) मध्ये येतं आणि सिग्नल मंदावतो.

केबलचा जोड कसा आहे? दहा मीटरवर वरच्यापेक्षा दुप्पट दाब असतो, आणि पाणी पहिल्यांदा शिरतं ते केबल डब्यात जाते तिथून. धरणावर नेण्याआधी कॉइल आणि डबा रात्रभर विहिरीच्या तळाशी सोडून ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर परत करा.

आणि सांगाड्यात धातू आहे का? पीव्हीसी पाइप आणि नायलॉनचे बोल्ट हवेत. खाली दाबून ठेवायचं वजन कॉइलला लावू नका, शिसंसुद्धा सिग्नल देतं. केबलवर कॉइलच्या पुढे तीन मीटरवर बांधा, आणि पक्कं बांधा. हलणारं वजन दर हेलकाव्याला खोटी खूण देतं.

भीमाकाठ:
कॉइल घरी गुंडाळली तर चालेल का? आमच्याकडे मोटार रिवायंडिंगवाला चांगला आहे.

तांब्याचे_वेढे:
एक मीटर व्यासाला साधारण दहा वेढे, म्हणजे ३१-३२ मीटर तार. इंडक्टन्स ३०० ते ४०० मायक्रोहेन्री यायला हवा, मीटरवर मोजून घ्या. पण तुमच्या रिवायंडिंगवाल्याला एक गोष्ट आधीच सांगा: मोटारीची एनॅमल तार नको. जाड प्लास्टिक आवरणाची, अनेक पदरी वायर घ्या. एनॅमल तारेचे वेढे एकमेकांना चिकटतात, कपॅसिटन्स वाढतं आणि कमी डिलेला यंत्र आंधळं होतं. वेढे पाइपमध्ये बसवून इपॉक्सी ओता. मोकळे राहिले तर पाण्याच्या थरथरीने कुरकुरतात.

धरणकाठचा:
इथे एक मोठी गोष्ट कोणी बोललं नाही. दोन मीटरच्या पट्ट्याने तीन हेक्टर म्हणजे १५ किलोमीटर ओढणं. ताशी साडेतीन किलोमीटरने नुसते चार तास, वळणं धरून त्याच्या दुप्पट. आणि मोबाइलचं जीपीएस तीन-पाच मीटर इकडेतिकडे जातं, मग दोन मीटरच्या ओळी सांभाळणार कशा?

म्हणून आधी साइड स्कॅन असलेला फिशफाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी दोन्ही बाजूंच्या तळाचं चित्र दाखवणारं सोनार यंत्र. दोन्ही बाजूंना २० मीटर रेंज, ओळी २५ मीटर अंतराने, सहा-सात फेऱ्यांत तुमची जागा अर्ध्या तासात होते. होडीच्या बरोबर खालचा पट्टा त्यात नीट उमटत नाही, म्हणून ओळी एकमेकींवर चढल्या पाहिजेत. त्याला धातू कळत नाही, आकार कळतो. चित्रात वस्तूच्या मागे पडलेली सावली मोजा: सेन्सर तळापासून ८ मीटर वर, सावलीचं टोक २० मीटरवर आणि सावली दीड मीटर लांब, तर वस्तू दीड गुणिले आठ भागिले वीस, म्हणजे ६० सेंटिमीटर उंच. पंपाएवढी. अशा दहा-पंधरा जागांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दोरीदगडाने सोडा आणि फक्त तेवढ्या जागी, दहा बाय दहा मीटरमध्ये, पल्स इंडक्शन ओढा. पंप गाळात पूर्ण रुतला असेल तर सोनारला दिसणार नाही. मग तराफा जिथे बांधलेला होता त्या जागेभोवती कॉइलच चालवायची.

खरं तर उन्हाळ्याची वाट बघता येत असेल तर बघा. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याखाली उतरलं, की तुमच्या ११ मीटरचे तीन-चार होतात, कधी जागा उघडीच पडते. तेव्हा बांबूने टोचूनही पंप सापडतो, यंत्राचा खर्च वाचतो.

भीमाकाठ:
उन्हाळ्यापर्यंत मोटारी राहतील याची खात्री नाही, पाणी उतरलं की नेणारे आमच्या आधी पोचतात. साइड स्कॅन आणि कॉइल असं धरतो. खूण मिळाली की नेमकी जागा कशी काढायची?

ओहोटी_भरती:
बीप वाजला तेव्हा जीपीएस होडीवर असतं, कॉइल मागे. केबल २० मीटर सोडली आणि कॉइल ६ मीटर खोल असेल तर ती साधारण १९ मीटर मागे आहे. जीपीएस होडीच्या पुढच्या भागात असेल तर ते तीन मीटर मिळवा, झाले २२. त्याच ओळीवर उलट दिशेने परत या. दोन्ही खुणांचा मध्य ही खरी जागा, मग केबलचा हिशोब थोडा चुकला तरी चालतो.

याच अंतराचा फायदाही आहे. खोली दाखवणारा सेन्सर कॉइलच्या वीसेक मीटर पुढे चालतो. सेकंदाला एक मीटर वेग असेल तर पुढे बांध किंवा भिंत आली हे वीस सेकंद आधी कळतं. एक माणूस केबलवरच बसवा, त्याला दुसरं काम नको. इंजिन एवढं हळू चालत नसेल तर मागे दोन बादल्या ओढा.

सगळ्यात जास्त कॉइल अडकते ती वळणावर. होडी मंदावते, कॉइल तळाला बसते आणि बुडालेल्या वेड्या बाभळीत गुंतते. वळायच्या आधी पाच-सहा मीटर केबल आत ओढा आणि वळण मोठं घ्या.

धरणकाठचा:
चालू पंपांच्या केबलजवळ गेलात तर यंत्र सतत गुरगुरेल, म्हणून शेतीची लाइट कधी नसते ते बघून उतरा. एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) पाइपला धातू शोधणारं कुठलंही यंत्र धरणार नाही, त्याच्या टोकाचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह) बिडाचा असेल तर तोच सापडेल. जलसंपदाकडून लेखी परवानगी आणि पोलिसांना अर्ज, दोन्ही आधी. जुन्या गावठाणातून नाणी-भांडी वर आली तर खिशात घालू नका, १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचं काहीही कलेक्टरला कळवावं लागतं.

भीमाकाठ:
शेवटचं. त्या पट्ट्यात चिलापीची जाळी लावलेली असतात. कॉइल जाळ्यात गेली तर?

तांब्याचे_वेढे:
मच्छीमारांना आदल्या दिवशी सांगून जाळी काढून घ्या, भांडण टळतं. तरीही ओढायचा दोर कॉइलच्या सांगाड्याला पुढून पक्का बांधू नका. पक्की गाठ मागच्या टोकाला, आणि पुढच्या टोकाला तोच दोर साध्या सुतळीने अडकवा. कॉइल अडकली आणि ताण आला की सुतळी तुटते, सांगाडा उलटा फिरतो आणि मागून ओढल्यासारखा सुटून येतो. विजेची केबल दोरापेक्षा थोडी सैल ठेवा, ताण तिच्यावर येता कामा नये. सुतळीचं बंडल होडीतच असू द्या, दिवसातून चार-पाचदा लागेल.