मदत हवी आहे: अटॅकनंतर आईचा ईएफ (हृदयाच्या पंपिंगचा आकडा) ५५, तरी दम का लागतो?

नमस्कार. घरातल्या एखाद्या बाईला अटॅक येऊन गेला असेल तर कृपया अनुभव सांगा, विशेषतः नागपूरकरांनी.

आई ६४ वर्षांची, शुगर आणि बीपी जुनंच. फेब्रुवारीत अटॅक आला. छातीत कळ नव्हतीच. जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळ, दरदरून घाम. जवळच्या एका दवाखान्यात ईसीजी न काढता गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी निदान झालं, एक स्टेंट टाकला. सुट्टी देताना सांगितलं, पंपिंग छान आहे, ईएफ ५५.

आमचं घर मानेवाड्याला, दुसऱ्या मजल्यावर. आई पहिल्या मजल्यावरच कठडा धरून उभी राहते, बोलायलाही श्वास पुरत नाही. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पायावर तसाच राहतो. आठवड्याभरापासून झोपताना दोन उशा लागतात. मोठे बाबांना अटॅकनंतर ईएफ ४० होता, ते आज फुटाळा तलावावर फिरायला जातात. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच, "त्यांचं कमजोर असून ते चालतात, हिचं नॉर्मल आहे, मनाने घेतलंय." हे ऐकून आई गप्प बसते. मला ते सहन होत नाही.

वाचलं त्यावरून एवढं समजलं: ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं. पण कप्पा ताठर झाला आणि नीट सैलावून भरलाच नाही, तर टक्केवारी चांगली दिसूनही फुप्फुसात दाब वाढतो. हा प्रकार बायकांमध्ये जास्त, त्यात वय, बीपी, शुगर असली की आणखी. शिवाय ईकोच्या मापात नॉर्मलची खालची हद्द पुरुषांना ५२ आणि बायकांना ५४ धरतात. म्हणजे आईचा ५५ अगदी काठावरचा. रिपोर्टमध्ये खाली 'ग्रेड २ डायस्टोलिक डिसफंक्शन' लिहिलंय, म्हणजे कप्पा नीट न सैलावण्याचा हाच दोष, त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) करून घेऊ का? लघवीची गोळी सुरू आहे आणि पाणी दीड लिटरच सांगितलंय. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, हे कसं जमवता? कूलरसमोर बसूनही तिचं तोंड कोरडं पडतं. आणि मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये कुणी अटॅकनंतरचे व्यायाम शिकवतं का?

उत्तर १

ताई, दोन उशा लागणं नवीन असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टना दाखवा. आडवं पडताच येत नसेल किंवा बसल्या जागी दम लागला तर सरळ १०८.

एनटी-प्रोबीएनपीबद्दल जरूर विचारा. माझ्या सासूबाईंचं असंच होतं, ईएफ ६०, आणि त्या तपासणीनंतरच दम खरा मानला गेला. पुढे एम्पाग्लिफ्लोझिन सुरू केली. मुळात शुगरची गोळी, पण ईएफ चांगला असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही देतात. तुमच्या आईला चालेल का, ते किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील.

उन्हाळ्याचं: रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन लिहा. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर फोन करा. उठताना चक्कर आली, लघवी कमी झाली, जुलाब लागले तरीही फोन करा, तेव्हा गोळी आणि पाणी दोन्ही बदलावं लागतं. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि सध्या घरोघरी सांडगे-पापड चाललेत, त्यातलं मीठ मोजा. आमच्याकडे लोणचं बंद केल्यावर पायाची सूज दिसण्याइतकी उतरली.

ईकोमध्ये एलए व्हॉल्यूम (डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान) आणि ई बाय ई-प्राइम (कप्पा भरतानाच्या दाबाचा अंदाज, आकडा जास्त तर दाब जास्त) किती आहे? घरच्यांना तेच आकडे डॉक्टरांसमोर ऐकवा.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार. एलए मोठं झाल्याचं लिहिलंय, ई बाय ई-प्राइम १६. उद्या सकाळी फाइल घेऊन जाते, मोठे बाबांनाही सोबत नेते. व्यायामाबद्दल कुणाला माहिती असेल तर सांगाच.