मदत हवी आहे : सोडून दिलेला लॅब्रॅडॉर आणि त्याच्या सोबतीची गावठी कुत्री, दोघांना एकाच घरी द्यायचा हट्ट धरावा का?

नमस्कार मंडळी,

सहकारनगरमध्ये आमच्या गल्लीतला एक जुना बंगला पुनर्विकासाला गेला. घरची मंडळी मे महिन्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि त्यांचा आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर मागेच राहिला. 'चार दिवसांत नेतो' असं वॉचमनकाकांना सांगून गेले होते. जिन्याखालच्या खांबाला हातभर साखळीने बांधलेला. बिल्डरच्या माणसांनी दारं-खिडक्या काढून नेल्या, नळ तोडला, आणि हा तिथेच. वॉचमनकाका आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्याला घालायचे. त्यांना जमलं तेवढं त्यांनी केलं, त्यांच्याबद्दल कुणी वाईट लिहू नका.

मला हे कळलं जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि ते फार लागून राहिलंय. रोज त्याच फाटकावरून जात होते. एका संध्याकाळी भर पावसात चिंगी, म्हणजे आमच्या गल्लीतली गावठी कुत्री, फाटकाखालून आत शिरताना दिसली म्हणून डोकावले. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. त्याच्या गळ्यात पट्टा रुतला होता आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. वॉचमनकाकांनी हळद लावून बघितली होती. कुणीतरी फिनेल ओतायला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही हे नशीब.

मालकांना फोन केला. 'रविवारी येतो' म्हणाले. दोन रविवार गेले. तोवर मी त्याला माझ्या जबाबदारीवर दवाखान्यात नेऊन आणलं. तिसऱ्या वेळी मी त्यांना शांतपणे सांगितलं, की १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कुत्र्याला आखूड साखळीला सतत बांधून ठेवणं, त्याला पुरेसं अन्नपाणी न देणं आणि उपासमार होईल अशा अवस्थेत त्याला सोडून जाणं, हे तिन्ही गुन्हे आहेत. मग आले. भांडण झालं नाही. लसीचं कार्ड आणि 'कुत्रा यांच्या स्वाधीन करत आहे' असं सहीचं पत्र देऊन गेले. जाताना त्याच्याकडे बघितलं नाही त्यांनी. तो मात्र शेपूट हलवत होता.

राजा त्याचं नाव. पहिल्या दिवशी वजन भरलं १९ किलो. नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोचा असतो, यावरून अंदाज करा. भूल देऊन अळ्या काढल्या, जखम साफ केली. रक्तात गोचीडतापाचा एर्लिकिया हा जंतू निघाला, प्लेटलेट ६८ हजार. कुत्र्याच्या किमान दोन लाख तरी असायला हव्यात. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस दिलं, ते आता संपत आलंय. डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली : उपाशी कुत्र्याला दया येऊन एकदम पोटभर घालायचं नाही. खूप दिवस रिकामं राहिलेलं शरीर अचानक आलेलं अन्न पेलू शकत नाही, रक्तातले क्षार घसरतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. चिकन, मऊ भात, लाल भोपळा. कांदा-लसूण अजिबात नाही. आज वजन २३.५ आहे.

आता अडचण. आम्ही भाड्याने राहतो, तळमजल्यावर. राजा आमच्या गॅलरीत असतो. घरमालकांनी समजून घेतलं, पण गणपतीपर्यंतच. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे पुढेही मला त्याला ठेवता येणार नाही. चिंगी दिवसभर गॅलरीच्या जाळीबाहेर बसते. बाहेर नेलं की दोघं बरोबर चालतात, वाटी ठेवली तर राजा दोन घास तिच्यासाठी सोडतो.

व्हॉट्सअॅपवर राजाचा फोटो टाकल्यापासून चौदा फोन आले. 'प्युअर आहे का, पेपर आहेत का?' 'नर आहे ना, आमच्या मादीसाठी हवा होता.' 'मुळशीला फार्महाऊस आहे, राखणीला ठेवू.' पुन्हा एकदा साखळीच. एक निवृत्त जोडपं मात्र खरंच चांगलं वाटलं, निगडीला त्यांचं रो-हाऊस आहे. त्यांना फक्त राजा हवाय. चिंगीसाठी एकही फोन नाही.

माझे प्रश्न दोन. दोघांना एकत्रच द्यायचं असा हट्ट धरून निगडीचं घर घालवावं का? आणि घर चांगलं आहे हे फोनवरच्या गोड बोलण्यापलीकडे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ताई, आधी एक विचारते. जखम हाताळताना तुम्हाला ओरखडा आला होता का, कापलेल्या बोटावर लाळ लागली होती का? त्याच्या कार्डावर रेबीजची शेवटची लस कधीची आहे? तुम्ही आणि वॉचमनकाकांनी लस घेतली नसेल तर आजच जा, महापालिकेच्या रुग्णालयात मिळते. स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असे पाच डोस असतात. बाकी सगळं नंतर.

प्रतिसाद २

गेली नऊ वर्षं कोथरूडला घरी फॉस्टर करतोय (कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री सांभाळतो), त्यातून शिकलेलं लिहितो.

जाहिरातीतून 'फुकट' हा शब्द काढा. आणि 'नसबंदी करूनच देणार' हे पहिल्याच ओळीत लिहा. चौदातले दहा फोन आपोआप बंद होतील. ज्यांना पिल्लं काढायची आहेत त्यांना त्या कुत्र्यात काही रस नसतो. प्लेटलेट भरल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही हे तुमचे डॉक्टर सांगतीलच. अशा वेळी माणसाची वेदनाशामक गोळीही कुणी प्रेमाने देऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो.

फोनवर 'तुम्हाला कुत्रे आवडतात का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. तो रात्री कुठे झोपेल ते विचारा. गॅलरीत की घरात, लगेच कळतं. दिवाळीला गावी गेलात तर तो कुठे असेल? घरात सकाळी लवकर कोण उठतं? आधीचा कुत्रा होता तर तो कशाने गेला, कितव्या वर्षी? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना ज्यांचा आवाज बदलतो, ती घरं मला आजवर चांगली निघाली आहेत. मग घर बघायला जाच, कुत्र्याला न घेता. फाटकाची फट, गच्चीचा कठडा, जिना. आठ वर्षांच्या लॅबचे मागचे सांधे दुखरे असू शकतात, त्यामुळे फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी घालायला सांगा.

द्यायच्या वेळी ओळखपत्राची प्रत, सहीचा फॉर्म, आणि 'जमलं नाही तर मलाच परत द्यायचा, दुसऱ्याला नाही' ही अट लिहून घ्या. महापालिकेचा परवाना नव्या मालकाच्या नावाने काढायला लावा. तुमचं घर पुणे मनपात, निगडी पिंपरी-चिंचवडमध्ये, म्हणजे परवाना तिकडचा. आधीच्या मालकांचं पत्र जपून ठेवा. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता आहे, उद्या कुणी 'आमचा कुत्रा नेला' म्हणालं तर तोच कागद कामाला येतो.

पहिले तीन दिवस तो बावरेल, तीन आठवड्यांत घराची वेळ शिकेल, तीन महिन्यांनी घर आपलं मानेल. पळून जाण्याचे प्रकार बहुतेक पहिल्याच आठवड्यात होतात. फिरवताना एक दोरी हार्नेसला (छातीभोवती बांधतात त्याला), दुसरी गळ्यातल्या पट्ट्याला. गळ्याची जखम कोवळी असेपर्यंत पट्टा नकोच, दोन्ही हार्नेसला लावा. सध्या संध्याकाळी नदीपात्रात ढोल पथकांचा सराव चालतो, त्या वेळेला त्या बाजूला नेऊच नका.

प्रतिसाद ३

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. चिंगी रस्त्यावरची आहे, गल्ली हेच तिचं घर. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सुद्धा नसबंदी करून कुत्र्याला पुन्हा त्याच जागी सोडायला सांगतात, त्याला कारण आहे. दोन वर्षं मोकळी फिरलेली कुत्री फ्लॅटमध्ये कोंडली तर ती सुखी होईलच असं नाही. तिच्या कानाला कट आहे का बघा. नसेल तर बहुधा नसबंदी झालेली नाही. राजाचीही नाही. दोघं एकत्र आहेत आणि ती माजावर आली तर ६३ दिवसांनी तुम्हाला दोनाऐवजी आठ घरं शोधावी लागतील. हे काम उद्याच हातात घ्या.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्डावर रेबीजची शेवटची लस २०२२ ची होती. मी आणि वॉचमनकाका दोघांनीही इंजेक्शनं सुरू केली होती, पण काकांचा तिसरा डोस राहिला होता. प्रतिसाद १ वाचून त्यांना आज गाडीवर घेऊन गेले. राजालाही आता लस दिली आहे.

चिंगीच्या कानाला कट नाही. तपासलं, सुदैवाने पोटात पिल्लं नाहीत. पुढच्या बुधवारची तारीख मिळाली आहे. ऑपरेशननंतर दहा दिवस तिला कोरड्या जागी ठेवावं लागेल. आमच्या जिन्याखाली जागा करतेय.

प्रतिसाद ३, राग अजिबात नाही. तुमचं म्हणणं मी रात्रभर डोक्यात घोळवलं. पण तिची गल्ली आता उरली कुठे? तो बंगला पडला की तिथे खड्डा खणतील, शेजारचाही पुनर्विकासाला चाललाय. तिला पोळी घालणारी दोन्ही घरं रिकामी झाली. वरच्या चौकातले कुत्रे तिला तिकडे येऊ देत नाहीत. म्हणून मला तिच्यासाठीही घर हवंय.

प्रतिसाद ४

एकत्र द्यायचं की नाही हे आपण खुर्चीत बसून ठरवू नये, त्यांनाच विचारावं. राजाला दोन रात्री दुसऱ्या घरी ठेवून बघा. दोघं काय खातात, झोपतात का, दार खरवडतात का, हे दोन्हीकडे लिहून ठेवा. खरोखर जोडी असेल तर दोघंही खंगतात. नसेल तर तेही दिसतं.

उपचारांचा खर्च जड जात असेल तर औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करा. चिंगीसारख्या रस्त्यावरच्या आजारी किंवा जखमी कुत्र्यांसाठी बावधनची रेस्क्यू आणि मुंढव्याची ब्लू क्रॉस या संस्था आहेतच. पण धडधाकट कुत्र्याला 'कुठेतरी ठेवून घ्या' म्हणून संस्थांच्या मागे लागू नका. त्यांच्या जागा अपघात झालेल्यांनाच पुरत नाहीत.

प्रतिसाद ५

धनकवडीला राहतो, व्हॅन आहे. चिंगीच्या ऑपरेशनला नेणं-आणणं माझ्याकडे. जुने टॉवेल आणि एक मोठा पिंजराही देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

धागालेखिका

धागा वर काढतेय, बरंच घडलं आहे.

प्रतिसाद ४ प्रमाणे राजाला दोन रात्री माझ्या बहिणीकडे कर्वेनगरला ठेवलं. मला वाटलं होतं तो रडेल. पहिली रात्र तो दाराशी बसून राहिला, पाणीही नको म्हणाला. पहाटे उठून बहिणीच्या पायाशी येऊन झोपला. दुसऱ्या दिवशी पाचही वेळा खाल्लं, संध्याकाळी भाच्याचा बॉल तोंडात धरून फिरत होता. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा खेळताना बघितलं, तेही व्हिडिओवर.

इकडे चिंगीने दोन्ही दिवस वाटीला तोंड लावलं नाही. गॅलरीच्या जाळीशी बसायची, मग त्या बंगल्याच्या जिन्याखाली जाऊन यायची, पुन्हा जाळीशी. तिथे आता साखळीसुद्धा नाही. इतके दिवस मी समजत होते की ती त्याला धीर देतेय. आधार तिलाही हवा होता हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हणून राजासाठीचा हट्ट मी सोडला. त्याला माणसं हवी आहेत. रविवारी निगडीला घर बघून आले. 'आधीचा कुत्रा कशाने गेला' हा प्रश्न विचारला, तर तिथल्या काकांनी उत्तर दिलं नाही, काकूंनी दिलं. तेरा वर्षांची लॅब होती, मूत्रपिंड गेलं. तिची सतरंजी अजून धुऊन ठेवलेली आहे. नसबंदीला त्यांची काही हरकत नाही. डॉक्टर म्हणाले प्लेटलेट अजून वाढू देत, त्यामुळे ऑपरेशन सप्टेंबरच्या शेवटी, काका-काकू स्वतः घेऊन जाणार, आणि तसं त्यांनी फॉर्मवर लिहून सही केली आहे. शनिवारी राजाला पोचवतेय.

चिंगीसाठी मात्र आता जास्त नेमकं विचारते. तिला असं घर हवंय जिथे आधीच एक शांत, मोठा, नसबंदी झालेला कुत्रा आहे. फ्लॅट असला तरी चालेल, दिवसातून तीनदा बाहेर न्यावं लागेल. वय अंदाजे दोन वर्षं, वजन १४ किलो, तांबूस अंग, पुढचे दोन्ही पाय पांढरे. रेबीजची आणि 'नाइन-इन-वन' ही एकत्रित लस दिली आहे, पुढचा डोस मी देईन. नसबंदी परवा झाली, टाके ठीक आहेत. हाताने दिलेलं हळूच घेते, मुलांवर गुरगुरलेली मी बघितली नाही. मांजरांबरोबर कशी वागते ते तपासलेलं नाही, त्यामुळे घरात मांजर असेल तर आधी सांगा. लिफ्टला घाबरते.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवड, म्हणजे मला येऊन बघता येईल. घरी आधीचा कुत्रा असेल तर त्याला बरोबर घेऊन या, तळजाईच्या पायथ्याशी मोकळ्या जागेत दोघांची भेट घालू, मग ठरवू. टाके निघेपर्यंत ती आमच्या जिन्याखाली आहे. घरमालकांनी तेवढी मुदत वाढवून दिली. व्यनि करा, मी रात्री नऊनंतर उत्तर देते.