मदत हवी आहे: आईच्या पाठीवरची गाठ आणि कागदावरचा ‘निओप्लाझम’

आईच्या खांद्यामागे बऱ्याच वर्षांपासून गाठ आहे. मऊ, दाबली की कातडीखाली सरकते, दुखत नाही, म्हणून तिने कधी मनावर घेतलं नाही. आता ती लिंबाएवढी झालीये आणि टेकून बसताना खुपते. सर्जननी हाताने तपासून ‘लायपोमा वाटतोय’ म्हटलं, सोनोग्राफी सांगितली. कागदावर मात्र ‘बिनाइन निओप्लाझम’ लिहिलंय. ते वाचल्यापासून आई धड जेवत नाहीये.

निओप्लाझम म्हणजे कॅन्सरच का? सुई घालून तपासलं की गाठ पसरते, असं मावशी ठामपणे सांगते, त्यात तथ्य आहे का? आणि आईला मधुमेह आहे, मग काढून टाकावी की नुसतं लक्ष ठेवावं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
आधी आईंना एवढं वाचून दाखवा: निओप्लाझम म्हणजे पेशींची गरज नसताना झालेली नवी वाढ, बस. बिनाइन वाढ जागच्या जागी राहते. आजूबाजूला घुसते, दुसऱ्या अवयवांत पसरते ती मॅलिग्नंट, आणि कॅन्सर म्हणतात तो तिला. लायपोमा चरबीच्या पेशींचा असतो आणि तो बिनाइनच.

तरी सोनोग्राफी टाळू नका. गाठ ५ सेंटीमीटरहून मोठी असेल, खोल स्नायूत असेल, कडक लागत असेल किंवा भराभर वाढत असेल, तर बहुतेक वेळा एमआरआय आणि बायोप्सी (सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) करतात. सुईने पसरण्याची शक्यता नगण्य असते. त्या भीतीने लोक तपासणी लांबवतात, खरं नुकसान तिथे होतं.

खुपत असेल तर काढणं योग्यच. वरवरचा लायपोमा बहुधा जागा बधिर करून काढता येतो. मधुमेहामुळे अडत नाही, पण साखर आटोक्यात हवी, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो. काढलेली गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवायला सांगा. आणि तोवर मालीश, लेप काही नको.

धागाकर्ता
मनापासून आभार, आईला वाचून दाखवलं. आता म्हणतेय की काखेतही एक बारीक गाठ लागते, हे तिने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. तीही लायपोमाच असेल ना?

प्रतिसाद १
तसं धरून चालू नका. काखेत लिम्फ नोडही (रोगप्रतिकाराची छोटी ग्रंथी) असू शकते, आणि ती स्तनातल्या आजारानेही सुजू शकते. सोनोग्राफीच्या आधीच डॉक्टरांना फोन करून कळवा, आणि स्तनांचीही तपासणी करून घ्या.