एकच व्ह्यूमॉडेल तीन स्क्रीनवर वापरतोय, पण खालचा डेटा बदलतच नाही

डब्ल्यूपीएफचं (मायक्रोसॉफ्टचं विंडोज अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) अ‍ॅप आहे, एमव्हीव्हीएम (स्क्रीन, डेटा आणि दोघांना जोडणारं व्ह्यूमॉडेल वेगवेगळं ठेवायची पद्धत). पत्त्यासाठी एक यूजर कंट्रोल आणि त्याचं व्ह्यूमॉडेल केलंय, तेच कस्टमर, सप्लायर आणि बिल अशा तिन्ही स्क्रीनवर वापरायचंय म्हणून त्याला पेरेंट (तो पत्ता ज्याचा आहे तो कस्टमर, सप्लायर किंवा बिल) कोण हे माहीतच नाही, कन्स्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट बनतानाच) पत्ता देतो आणि सेटरमधे (व्हॅल्यू बदलली की चालणारा कोड) त्या पत्त्यावरच लिहितो. ब्रेकपॉइंट लावून बघितलं, सेटरमधे येतंय, नवीन शहर बसतंय, प्रॉपर्टीचेंज्ड (व्हॅल्यू बदलल्याची सूचना) पण जातोय, पण सेव्ह केलं की डेटाबेसमधे जुनंच शहर. पेरेंटचा रेफरन्स आत दिला की चालतं, पण मग रीयूज कसला करणार डोंबलाचा?

उत्तर १
पत्ता क्लास आहे का स्ट्रक्ट?

प्रश्नकर्ता
स्ट्रक्ट. चारच तर फील्ड आहेत म्हणून केलेला. अरे देवा.

उत्तर १
हां, मग तेच. स्ट्रक्ट पास केला की कॉपी जाते (क्लास असता तर मूळ ऑब्जेक्टचाच रेफरन्स गेला असता), तुझं व्ह्यूमॉडेल इमानेइतबारे स्वतःच्या कॉपीवर लिहितंय, कस्टमरमधल्या पत्त्याला पत्ताच नाही :) क्लास कर, सुटेल.

उत्तर २
सुटेल पण दुसरीकडे फसेल. क्लास केल्यावर कस्टमरचाच पत्ता बिलाला दिलास तर दोघांकडे एकच ऑब्जेक्ट, बिलावर शहर बदललं की कस्टमरचंही बदललं, आत्तापर्यंत स्ट्रक्टमुळे वाचलास. शिवाय सेटरमधून थेट मॉडेलवर लिहिलं की कॅन्सल दाबल्यावर जुनं आणणार कुठून? आयएडिटेबलऑब्जेक्ट आहे त्यासाठी, बिगिनएडिटला जुन्या व्हॅल्यू ठेवायच्या, कॅन्सलएडिटला परत टाकायच्या, डेटाग्रिड (टेबलसारखा कंट्रोल) हे स्वतःहून कॉल करतो पण साध्या फॉर्मवर आपल्यालाच करावं लागतं.
मी असं करतो: व्ह्यूमॉडेलची स्वतःची फील्ड, आणि कन्स्ट्रक्टरमधे पत्त्यासोबत एक अ‍ॅक्शन (नंतर कॉल करायचं फंक्शन) घ्यायची. सेव्हला नवीन पत्ता बनवून ती अ‍ॅक्शन कॉल करायची, बास. कुठे लिहायचं ते पेरेंट एका ओळीच्या लॅम्ब्डात (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) ठरवतो, कस्टमरवाला कस्टमरवर लिहील, बिलवाला बिलावर. पेरेंटची ओळखही लागत नाही आणि अख्खा पत्ताच बदलतोय म्हणून स्ट्रक्ट राहिला तरी चालतं. कॅन्सल म्हणजे अ‍ॅक्शन कॉलच करायची नाही.

प्रश्नकर्ता
अ‍ॅक्शनवालं केलं, तिन्हीकडे चाललं! फक्त शेवटच्या टेक्स्टबॉक्समधे टाइप करून लगेच सेव्ह दाबलं तर तेवढंच एक फील्ड जुनं जातंय, टॅब मारून दाबलं तर बरोबर??

उत्तर २
सेव्ह टूलबारवर आहे ना? टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग (व्ह्यूमॉडेलशी असलेली जोडणी) डीफॉल्टला लॉस्टफोकसवर, म्हणजे फोकस दुसरीकडे गेला की लिहितं आणि टूलबारचा फोकस स्कोप (फोकस कुठे आहे याचा हिशेब) वेगळा असतो, त्यामुळे टेक्स्टबॉक्सला वाटतं फोकस आपल्याकडेच आहे. बाइंडिंगचं अपडेटसोर्सट्रिगर (कधी लिहायचं ते सेटिंग) प्रॉपर्टीचेंज्ड करून टाक, मग टाइप करतानाच लिहिलं जाईल. मी यात अख्खी दुपार घालवलीय एकदा.

प्रश्नकर्ता
हो, टूलबारवरच होतं. झालं!